भिंगाखालचा पांढरा डाग

हान्स हिन्सेलमान यांना शोधायची होती एक बारीकशी गाठ. १९२०च्या दशकात जर्मनीतल्या दवाखान्यांत गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या बायका यायच्या त्या रक्तस्राव सुरू झाल्यावर, म्हणजे बहुतेकदा वेळ टळून गेल्यावर. हिन्सेलमान यांचा हिशेब सरळ होता. मोठी दिसणारी प्रत्येक गाठ कधीतरी टाचणीच्या टोकाएवढी असणार. तेव्हा ती नुसत्या डोळ्यांना दिसत नसेल, तर भिंग लावून पाहावी. लायट्झ कंपनीचं दोन्ही डोळ्यांनी पाहायचं भिंग आणि जोडीला झगझगीत उजेड अशी जुळणी त्यांनी केली आणि १९२५ साली तिची माहिती प्रसिद्ध केली. हीच कॉल्पोस्कोपी.

ती बारीक गाठ मात्र त्यांना क्वचितच सापडली. सापडलं ते वेगळंच: पांढरट चट्टे, लाल ठिपक्यांची रांगोळी, फरशीच्या तुकड्यांसारखी जाळी. यांतल्या काही खुणा म्हणजे कर्करोगाच्या कितीतरी वर्षं आधीची स्थिती आहे, हे उमगायला पुढची काही दशकं जावी लागली. मला या शोधाचं मोल इथे वाटतं. जे शोधायला निघाले ते हाती आलं नाही, पण वाटेत दिसलं ते टिपून ठेवलं गेलं.

१९३०च्या दशकात हिन्सेलमान यांनी त्यात ॲसेटिक ॲसिडची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाची भर घातली. आजही तपासणीत तेच वापरतात, तीन ते पाच टक्के तीव्रतेचं. कापसाचा बोळा त्यात बुडवून गर्भाशयमुखावर धरायचा आणि मिनिटभर थांबायचं. पेशी बिघडलेल्या असतील तिथे केंद्रकं मोठी आणि दाटीवाटीने असतात. आम्लाने त्यांतली प्रथिनं तात्पुरती साकळतात, खालच्या केशवाहिन्यांची लाली झाकली जाते आणि गुलाबी पृष्ठभागावर पांढरा डाग उमटतो. काही मिनिटांत तो विरतो. डाग जितका दाट, कडा जितकी रेखीव, तितका संशय जास्त. व्हिएन्नाच्या वाल्टर शिलर यांची आयोडीनची चाचणी या तपासणीची जोडीदार. निरोगी पेशींत ग्लायकोजेन असतं, त्या गर्द तपकिरी होतात. बिघडलेल्या पेशी मोहरीसारख्या पिवळ्या राहतात.

या इतिहासात एक काळं पान आहे आणि ते गाळून ही कथा सांगू नये. ऑशवित्झ छळछावणीचा मुख्य डॉक्टर एडुआर्ड विर्थ्स याचा भाऊ हेल्मुट हा हँबुर्गमध्ये हिन्सेलमान यांचा सहकारी होता. १९४३पासून छावणीच्या दहा नंबरच्या इमारतीत कैदी ज्यू स्त्रियांवर कॉल्पोस्कोपीचे प्रयोग झाले. संमतीचा प्रश्नच नव्हता. संशय आला की गर्भाशयमुख कापून काढलं जाई आणि नमुने हँबुर्गला पाठवले जात. युद्धानंतर हिन्सेलमान यांना तीन वर्षांची शिक्षा झाली ती याबद्दल नव्हे, रोमा स्त्रियांच्या सक्तीच्या नसबंदीबद्दल. पुढे ते दक्षिण अमेरिकेत मानाने शिकवत फिरले. वैद्यकाच्या कितीतरी पुस्तकांत त्यांच्या नावापुढे फक्त १९२५ हे साल असतं. त्या स्त्रियांबद्दल अवाक्षरही नसतं, आणि हे मला अक्षम्य वाटतं.

अमेरिकेत तोवर पापानिकोलाऊ यांची, गर्भाशयमुखाच्या पेशी खरवडून तपासायची पॅप चाचणी रुजली होती. ती स्वस्त होती, झटपट होती आणि हजारो स्त्रियांसाठी वापरता येत होती. भिंग मागे पडलं. पण पॅपमध्ये दोष दिसला तरी तो नेमका कुठे आहे हे कळत नसे. मग भूल देऊन गर्भाशयमुखाचा शंकूच्या आकाराचा मोठा तुकडाच काढावा लागे. १९६०-७०च्या दशकांत इंग्रजी बोलणाऱ्या देशांनी कॉल्पोस्कोप पुन्हा हाती घेतला तो या कारणाने. पॅपने संशयितांना निवडायचं, भिंगाने जागा दाखवायची, तिथला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा बायोप्सीला पाठवायचा. अनेकींचं मोठं ऑपरेशन त्यामुळे टळलं.

व्हिनेगर तर भिंगालाही सोडून पुढे निघालं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या आरोग्यसेविका आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहत. या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या अभ्यासात मात्र याच पद्धतीने मृत्यूंत ठळक घट दिसली नाही. तिथे ती दिसली या कर्करोगाला कारणीभूत असलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीने. दोन्ही अभ्यासांत तुलनेच्या गटातल्या स्त्रियांची तपासणी केली गेली नाही, यावर टीका झाली. ती रास्तच होती.

आता अचूकतेबद्दल. १९९८च्या एका एकत्रित विश्लेषणात कॉल्पोस्कोपीची संवेदनशीलता ९६ टक्के आणि विशिष्टता ४८ टक्के निघाली. म्हणजे रोग असलेल्या शंभरातल्या ९६ जणी सापडतात, पण रोग नसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणीही संशयित ठरतात. दुसरा आकडा समजण्यासारखा आहे: सूज असली, पेशींची नैसर्गिक उलथापालथ चालू असली तरी डाग पांढराच उमटतो. पहिला आकडा मात्र तपासून घ्यायला हवा. डॉक्टरची नजर बरोबर होती की नाही हे ठरवतं कोण? बायोप्सी. आणि बायोप्सी कुठून घ्यायची हे ठरवते तीच नजर. जिथे पाहिलंच नाही तिथला रोग हिशेबात येणार कसा? परीक्षार्थीनेच प्रश्नपत्रिका काढावी तसं हे झालं.

ही मेख हळूहळू उघड झाली. चीनच्या शांशी प्रांतात साध्या दिसणाऱ्या भागांतूनही तुकडे घेतले, तेव्हा गंभीर पूर्वकर्करोगातला तिसऱ्या हिश्शाहून मोठा वाटा तिथेच निघाला. एकच छायाचित्र दोन निष्णात डॉक्टरांना दाखवलं तर निदानं जुळतीलच असं नाही, हेही दिसलं. स्वीडनमधून २००५ साली गुणांची पद्धत आली: डागाची दाटी, कडा, रक्तवाहिन्या, आकार आणि आयोडीनचा रंग, प्रत्येकाला शून्य ते दोन. त्याने नजरेला शिस्त लागली. पण खरा फरक पडला साध्या उपायाने. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात एका बायोप्सीने गंभीर दोषांपैकी सुमारे ६१ टक्के सापडले, दोन घेतल्यावर ८६ आणि तीन घेतल्यावर ९६ टक्के. त्याआधीच्या एका अभ्यासातही तपासणारा कोण यापेक्षा तुकडे किती, यालाच जास्त महत्त्व असल्याचं दिसलं होतं. म्हणूनच अमेरिकेतल्या कॉल्पोस्कोपीतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७च्या मानकांत म्हटलं, की आम्लाने पांढऱ्या होणाऱ्या वेगवेगळ्या जागांमधून किमान दोन आणि जास्तीत जास्त चार तुकडे घ्यावेत. प्रत्येक तुकडा काही मिलिमीटरचा असतो, घेताना चिमटा बसतो, थोडं रक्त येतं आणि दोनचार दिवसांत ते थांबतं.