नोंदवहीतला रकाना आणि माणसाचे नाव

व्यसनाधीनांची मोजदाद हा डॉक्टरांचा आणि सरकारी कचेऱ्यांचा विषय आहे, असे समजून आपण त्याकडे सहसा पाहत नाही. वस्तुतः नोंदवही माणसाचे काय करू शकते, हे आपल्याइतके दुसरे कोण जाणते? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांच्या याद्या केल्या. १९५२ साली तो कायदा रद्द होईपर्यंत त्या यादीत नाव असणे हाच अनेकांचा गुन्हा होता. तेव्हा व्यसनावरील उपचारांची आकडेवारी समोर आली की दोन प्रश्न विचारले पाहिजेत. रकाना कोणी भरला? आणि नाव पुढे कोणाच्या हाती गेले?

पहिल्या प्रश्नाचा इतिहास आपल्याच देशातला आहे. गांजामुळे हिंदुस्थानातील वेड्यांची इस्पितळे भरत आहेत, अशी ओरड इंग्लंडच्या पार्लमेंटात पोहोचली आणि १८९३ साली इंडियन हेंप ड्रग्ज कमिशन नेमले गेले. अध्यक्ष होते डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. कमिशनने अकराशेहून अधिक साक्षी घेतल्या. पण त्याचे खरे मोलाचे काम म्हणजे इस्पितळांच्या नोंदी त्याने उलटून तपासल्या. १८९२ या एका वर्षात इस्पितळांत १,३४४ रुग्ण दाखल झाले होते. त्यांपैकी २२२ जणांपुढे वेडाचे कारण म्हणून गांजा-भांगेची नोंद होती. एकेका रुग्णाची चौकशी केल्यावर त्यांतली ९८ प्रकरणेच कशीबशी टिकली, आणि त्यांतही ३७ जणांच्या बाबतीत इतर कारणे मिसळलेली होती. निम्म्याहून अधिक आकडा कोसळला.

हे घडले कसे? वेडसर म्हणून धरलेल्या माणसाबरोबर पोलिसांकडून आणि मॅजिस्ट्रेटच्या कचेरीतून एक कागद येई. त्यात ‘कारण’ असा रकाना असे. रस्त्यावरून उचललेल्या माणसाचे घरदार ठाऊक नाही, सांगणारे कोणी नाही. पण रकाना रिकामा ठेवणे प्रशासनाला रुचत नाही. मग माणूस गांजा ओढतो एवढे कळले की तेच कारण म्हणून लिहिले जाई. इस्पितळाने ते उतरवून घ्यायचे, वार्षिक अहवालाने त्याची बेरीज करायची आणि बेरजेला शास्त्र म्हणायचे.

हा व्यवहार आपल्याला अपरिचित नाही. आपल्यापैकी किती घरांत आईवडिलांची जन्मतारीख १ जून आहे! शाळेत नाव घालताना मास्तरांनी रकाना भरला, एवढाच त्या तारखेचा अर्थ. माझ्या वडिलांचा जन्म पावसाळ्यातला की सुगीतला, हे कागदावरून कधीच कळणार नाही. ज्याच्याविषयी लिहिले जाते त्याला लिहिताना कोणी विचारत नाही, तेव्हा आकडा त्याच्याविषयी बोलत नसून लिहिणाऱ्याच्या सोयीविषयी बोलत असतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी १९७२ च्या न्यूयॉर्ककडे जावे लागते. आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली तेच हे वर्ष. त्या शहरात हेरॉइनच्या व्यसनावर मेथाडोन हे औषध देणारी केंद्रे चालत होती आणि रॉबर्ट न्यूमन हे डॉक्टर त्या कार्यक्रमाचे प्रमुख होते. एका खुनाच्या साक्षीदाराने सांगितले की, खुनी माणसाला मी एका केंद्रात पाहिले आहे. सरकारी वकिलांनी त्या केंद्रातील २१ ते ३५ वयाच्या सर्व काळ्या पुरुष रुग्णांची छायाचित्रे मागितली. न्यूमन यांनी ती देण्यास नकार दिला. न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना दोषी ठरवण्यात आले. परंतु १९७३ साली राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली.

खुनाचा तपास व्हायला नको होता, असे कोण म्हणेल? पण मागणी कशी होती ते पाहा. एका संशयितासाठी एका वर्णाचे सारे तरुण पोलिसांपुढे ठेवायचे, आणि तेही उपचाराला आले म्हणून. ती छायाचित्रे दिली असती तर दुसऱ्या दिवशी त्या दारात कोण उभे राहिले असते? रुग्ण यायचे थांबले असते, आकडा घटला असता, आणि व्यसन कमी झाल्याचा निष्कर्षही कोणी काढला असता. गोपनीयता ही आकडेवारीच्या आड येणारी अडचण नव्हे. तिच्यावाचून आकडा खरा होतच नाही.

मग नाव न घेता मोजायचे कसे? एकच माणूस तीन केंद्रांत गेला तर तो तीनदा मोजला जाईल. इंग्लंडमध्ये १९६८ पासून डॉक्टरांना व्यसनाधीन रुग्णाची नोंद गृहखात्याकडे पाठवावी लागे. १९९७ साली ही पद्धत संपली. तेथील आजची राष्ट्रीय नोंद पूर्ण नाव घेत नाही. आद्याक्षरे, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून ती दुबार नोंदी ओळखते. कल्पना चांगली आहे. पण ती जशीच्या तशी येथे आणली तर काय होईल? १ जून तारखेचे आणि सारख्याच आद्याक्षरांचे कितीतरी पुरुष एका तालुक्यात निघतील, आणि अनेक माणसे मिळून एक रुग्ण होईल! दुसऱ्याचे यंत्र आणताना आपल्या नोंदींचा इतिहास विसरून चालत नाही.

आता आकड्याचा अर्थ. केंद्रातील नोंदी दारातून आत आलेल्यांची संख्या सांगतात, समाजातील व्यसनाची नव्हे. दिल्लीच्या एम्सने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी घरोघर जाऊन केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे सुमारे एकालाच कोणता ना कोणता उपचार मिळाला होता, असे तिच्यात आढळले. उरलेल्या ३७ जणांविषयी केंद्राची वही गप्प आहे. ज्याला खाजगी दवाखाना परवडतो तो सरकारी वहीत येत नाही. ज्याला रोजंदारी बुडवणे परवडत नाही तो कोणत्याच वहीत येत नाही. अशा वहीतून ‘अमुक वस्तीत, अमुक जातीत व्यसन अधिक’ असे काढणे म्हणजे १८९२ च्या कारकुनाचीच चूक पुन्हा करणे होय.

अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातील कलम ६४-अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला ठराविक गुन्ह्यांपुरते खटल्यापासून संरक्षण देते. हे संरक्षण वस्तीपर्यंत पोहोचायचे असेल, तर केंद्राची वही पोलीस चौकीत जात नाही याची खात्री वस्तीला हवी. आणि नाव खोडले की काम संपले, असेही नाही. एखाद्या छोट्या तालुक्याच्या तक्त्यात ‘अनुसूचित जाती, स्त्री, वय २० ते २५ : १’ असे छापले, तर ती स्त्री कोण हे बाजारच्या दिवसापर्यंत सगळ्यांना कळते. असे लहान आकडे मोठ्या गटात मिळवले पाहिजेत किंवा झाकले पाहिजेत.

आकडे नकोत, असे म्हणणे आत्मघाताचे ठरेल. आकड्यांवाचून केंद्र मिळत नाही, औषध मिळत नाही, निधी मिळत नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी मागणी दुहेरी ठेवावी : आम्हाला मोजा; पण रकाना आम्हाला विचारून भरा, आणि नाव वहीबाहेर जाऊ देऊ नका.