तळटीप : खंबायती अकीक

७. खंबायती अकीक : लेखकाने याला ‘खाणीतले लाल रत्न’ म्हटले आहे, ते तितकेसे खरे नाही. गुजरातेत राजपीपळ्याजवळ रतनपूरच्या खाणींतून निघणारा हा गोटा बहुधा मळकट पिवळा-तपकिरी असतो. लाली येते ती भट्टीत. गोटे उन्हात वाळवून, मडक्यांत घालून मंद आचेवर भाजतात. दगडातल्या लोहाचा रंग त्याने पालटतो. आच घाईची झाली, की गोटा तडकलाच. लोथलच्या उत्खननात मणी भाजण्याची हडप्पाकालीन भट्टी सापडली आहे. पुढचे काम हाताच्या अंदाजाचे : जमिनीत तिरप्या रोवलेल्या लोखंडी सळईच्या टोकावर दगड टेकवायचा आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलके ठोके देत कपच्या उडवायच्या. मग घासणे, हिरकणीच्या टोकाच्या गिरमिटाने भोक पाडणे. झिलईसाठी पूर्वी मणी अकीकाच्याच पुडीसह चामड्याच्या पिशवीत भरून दोन माणसे ती दिवसचे दिवस मागेपुढे ओढत. आता ते विजेवर फिरणाऱ्या पिंपात होते. घासताना उडणाऱ्या धुळीने खंबायतच्या कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग जडतो. मूळ मजकुरात त्याचा उल्लेख नाही. – संपा.