क्रँकशाफ्टचे संतुलन

क्रँकशाफ्टचे संतुलन : इंजिन चालू असताना क्रँकशाफ्टवर येणारे असमतोल जोर कमी करण्यासाठी त्याच्या काउंटरवेटांचे वजन कमी-जास्त करण्याची प्रक्रिया. कारखान्यात हे वजन ठरावीक पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड धरून बेतलेले असते. शर्यतीसाठी किंवा हौसेने बांधलेल्या इंजिनात हे भाग बदलले, की हिशेब नव्याने मांडावा लागतो.

असमतोलाचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अक्षापासून 10 सेंमी. अंतरावरचे जादा 10 ग्रॅम मिनिटाला 3,000 फेऱ्यांना सुमारे 10 किलोंचा जोर लावतात. 6,000 फेऱ्यांना तोच 40 किलोंवर जातो. हा मार मुख्य बेअरिंगांना सोसावा लागतो.

अमेरिकी व्ही-8 इंजिनांत एका क्रँकपिनवर दोन रॉड बसतात. आधी सगळे पिस्टन सर्वांत हलक्या पिस्टनच्या वजनाला आणतात. रॉडचे एक टोक टांगून दुसरे तराजूवर टेकवतात, म्हणजे दोन्ही टोकांची वजने वेगवेगळी कळतात. मोठे टोक आणि त्याचे बेअरिंग गोल फिरतात, म्हणून ते पूर्ण धरतात. पिस्टन, गजन पिन, रिंगा आणि लहान टोक वरखाली होतात, त्यांचे निम्मे धरतात. समजा, दोन मोठी टोके 900 ग्रॅम, बेअरिंग 90, तेल 5 आणि वरखाली होणाऱ्या भागांचा निम्मा वाटा 815 ग्रॅम. बेरीज झाली 1,810. एवढ्या वजनाचे बॉबवेट प्रत्येक क्रँकपिनवर आवळून शाफ्ट मशीनवर फिरवतात. सरळ चार सिलिंडरच्या शाफ्टला बॉबवेट लागत नाहीत.

काउंटरवेट जड निघाले तर त्याला भोक पाडतात. हलके निघाले तर पोलादाच्या दुपटीहून जड असलेल्या टंगस्टन मिश्रधातूचा तुकडा त्यात ठोकून बसवतात. त्यासाठीचे भोक अक्षाला समांतर घेतात. बाहेरून आत घेतले, तर फिरताना तुकडा उडून जाण्याची भीती असते.

शेव्हरोलेच्या 350 घनइंची ब्लॉकमध्ये 400चा लांब स्ट्रोकचा शाफ्ट, जर्नल घासून, बसवला की लोकप्रिय 383 इंजिन तयार होते. 400च्या शाफ्टचे संतुलन मुळात बाहेरून केलेले असते: उणे वजन पुढच्या डॅम्परवर आणि मागच्या फ्लायव्हीलवर असते. त्यामुळे 383 बांधताना 400चेच डॅम्पर आणि फ्लायव्हील घ्यावे लागते किंवा शाफ्टमध्ये टंगस्टन भरावे लागते. फोर्डच्या 302 इंजिनात 1980च्या दशकाच्या आरंभी बाहेरचा असमतोल 28 औंस-इंचांवरून 50वर गेला; जुन्या आणि नव्या इंजिनांची फ्लायव्हील एकमेकांना चालत नाहीत.