बेलवांग्यापासून टोमॅटोपर्यंत



टोमॅटो हे पीक मूळचे आपले नव्हे. दक्षिण अमेरिकेतून ते मेक्सिकोत गेले. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेले आणि पुढे पोर्तुगीजांबरोबर ते आपल्याकडे आले, असे मानतात. जुन्या माणसांनी त्याला नाव दिले बेलवांगे. नाव अगदी बरोबर, बरं का! वांगी, मिरची, बटाटा आणि टोमॅटो ही एकाच कुळातली पिके. एकाचे रोग दुसऱ्याला लागतात. म्हणून यांच्या पाठोपाठ टोमॅटो लावू नका. ज्वारी, मका किंवा कांद्याचे रान निवडा.

पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 'पुसा रुबी' हा वाण दिला, राहुरीच्या कृषी विद्यापीठाने 'धनश्री' आणि 'भाग्यश्री' दिले. मग संकरित वाण आले. झाड तार-काठीवर चढले, फळ मातीला टेकेना, सड कमी झाली, उत्पन्न वाढले.

पण माल वाढला म्हणजे पैसा वाढला, असे नाही. २०२३ साल आठवा. मे महिन्यात भाव नाही म्हणून कित्येकांनी माल रस्त्यावर ओतला. जुलैत तोच टोमॅटो शहरात शंभर रुपये किलोच्या पुढे गेला! तेव्हा सगळे रान एकदम लावू नका. पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत लागण करा. रोपे बारीक नायलॉन जाळीखाली वाढवा, म्हणजे पांढरी माशी रोपांपर्यंत पोचून विषाणू पसरवणार नाही. आणि काठी, तार, औषध, मजुरी यांचा खर्च वहीत टिपून ठेवा. फायदा झाला की तोटा, हे ती वहीच सांगेल.