दीर्घकालीन चिंताजनक आजार : रुग्णालयीन शुश्रूषा

गंभीर आजाराच्या पहिल्या आघातातून वाचलेला, परंतु अनेक आठवडे श्वसनयंत्रावाचून जगू न शकणारा रुग्ण या वर्गात मोडतो. स्नायूंची क्षीणता, कुपोषण, वारंवार होणारे संसर्ग व मानसिक भ्रम ही या अवस्थेची सामान्य लक्षणे होत. हा रुग्णवर्ग वैद्यकाच्या यशातूनच निर्माण झाला आहे.

कृत्रिम श्वसनासाठी बॉस्टन येथे १९२८ मध्ये लोखंडी फुप्फुस प्रथम वापरण्यात आले. तथापि घसा व श्वसनस्नायू या दोहोंचा पक्षाघात झालेल्यांना त्याचा उपयोग बेताचाच होई. कोपनहेगनमध्ये १९५२ साली बालपक्षाघाताची (पोलिओची) मोठी साथ आली, तेव्हा ब्लेगडॅम रुग्णालयात यंत्रोपचार केलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. हे मृत्यू मेंदूतील संसर्गाने नव्हे, तर रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड साचल्याने होतात, हे ब्यर्न इब्सेन या शुद्धिहरणतज्ञांनी ओळखले. २७ ऑगस्ट रोजी एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनालाला छेद देऊन नळी बसविण्यात आली व रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास पुरविण्यात आला. पुढे वैद्यकाच्या सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, रात्रंदिवस, अनेक रुग्णांच्या पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून बरेच खाली आले. ती मुलगी वाचली, परंतु तिला काही वर्षे रुग्णालयातच काढावी लागली आणि १९७१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिचे श्वसनयंत्र सुटले नाही.

लसीमुळे पोलिओ ओसरला. अतिदक्षता विभाग मात्र सर्वत्र पसरले. त्यांतून वाचणारे रुग्ण आता बहुधा वृद्ध, शस्त्रक्रिया झालेले वा जंतुविषाक्ततेने खंगलेले असत. १९८५ मध्ये या अवस्थेस इंग्रजी वैद्यक वाङ्‌मयात स्वतंत्र नाव मिळाले. अमेरिकेत १९८३ पासून वृद्धांच्या सरकारी विमा योजनेत रुग्णालयांना निदानानुसार ठराविक रक्कम मिळू लागली. सरासरी वास्तव्य २५ दिवसांहून अधिक असणारी रुग्णालये या नियमातून वगळली होती. साहजिकच अशा रुग्णांना तिकडे हलविणे सोयीचे ठरले व त्या रुग्णालयांची संख्या वाढली. या व्यवस्थेला आकार देण्यात वैद्यकीय विचारापेक्षा देयकांचा वाटा अधिक होता, असे म्हणावे लागते. तरीही यंत्र सोडविण्याचे शास्त्र तेथेच वाढले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, यंत्राचा दाब हळूहळू कमी करण्यापेक्षा रुग्णाला छेदावाटे स्वतःच श्वास घेऊ दिल्यास यंत्र लवकर सुटते, असे आढळले. यंत्र सुटलेल्यांचीही दुर्बलता दीर्घकाळ टिकते आणि या वर्गातील निम्म्याच्या आसपास रुग्ण वर्षभरात मरण पावतात. म्हणून उपचार कोठवर चालू ठेवावेत, हा प्रश्न आप्तांना प्रारंभीच विचारावा लागतो.