साडेसात मिनिटांचा हिशेब

काही वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या व्याख्यानात मी रामसे बंधूंच्या भयपटांवर बोललो. बोलण्याच्या भरात एक आरोपही केला. ऐंशीच्या दशकातील त्यांच्या एका चित्रपटाची व्हीसीडी काढणाऱ्या कंपनीने चित्रपटाची साडेसात मिनिटे कापून टाकली, असे मी ठणकावून सांगितले. तो आरोप चुकीचा होता. ती चूक दुरुस्त करताना जे हाती लागले, ते या लेखात मांडतो आहे.

भयपटांचे वेड मला शाळकरी वयापासूनचे, आणि चकत्या जमवण्याचा नाद त्यातूनच लागला. या चित्रपटांचा इतिहास थोडक्यात असा. फतेहचंद रामसिंघानी यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. फाळणीनंतर ते मुंबईत आले आणि पुढे चित्रपटनिर्मितीत उतरले. ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) हा त्यांचा चित्रपट पडला. पण त्यातल्या एका प्रसंगात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात, तेवढ्यासाठी प्रेक्षक येतात, हे मुलांनी हेरले. त्यातून ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) तयार झाला. त्याचे चित्रीकरण महाबळेश्वरला झाले. सात भावांनी कामे घरातच वाटून घेतली होती. दिग्दर्शन तुलसी आणि श्याम यांचे, कॅमेरा गंगू यांचा, ध्वनी किरण यांचा, लेखन कुमार यांचे. ‘पुराना मंदिर’ (१९८४) तुफान चालला आणि अजय अग्रवाल यांचा सामरी गावोगावी पोहोचला.

अशा चित्रपटांच्या प्रिंट कोणी जपून ठेवल्या नाहीत. एकच प्रिंट या टॉकीजमधून त्या टॉकीजमध्ये फिरायची आणि झिजून संपायची. नव्वदच्या दशकात व्हीसीडी आली. एका चकतीवर साधारण ७४ मिनिटे मावत, म्हणून एका चित्रपटाला दोन किंवा तीन चकत्या लागत. पुढे २००७ मध्ये मोझर बेअरने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला सुरुवात केली, तेव्हा माझ्यासारख्याला संग्रह करणे खऱ्या अर्थाने परवडू लागले.

आता माझ्या आरोपाकडे वळतो. आपल्याकडे चित्रपटाच्या सुरुवातीला सेन्सॉरचे प्रमाणपत्र दिसते. फिल्मच्या काळात त्यावर रिळांची संख्या आणि लांबी मीटरमध्ये लिहिलेली असे. पस्तीस मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने मिनिटाला सुमारे २७.४ मीटर पुढे सरकते. माझ्या व्हीसीडीवरच्या प्रमाणपत्रात १४ रिळे आणि ४११५ मीटर अशी नोंद होती. भागाकार केला तर दीडशे मिनिटे होतात. चकत्यांवरचा चित्रपट मात्र साडेएकशेबेचाळीस मिनिटांत संपत होता. फरक साडेसात मिनिटांचा, म्हणजे कात्री लागलीच असणार, असा माझा निष्कर्ष होता.

व्याख्यान संपल्यावर सत्तरी उलटलेले एक गृहस्थ भेटायला आले. एका तालुक्याच्या टॉकीजमध्ये त्यांनी ऑपरेटर म्हणून आयुष्य घालवले होते. ते म्हणाले, “अहो, उगाच कंपनीला बोल लावू नका. तुम्ही कुठे कापलंय ते पाहिलंत का? रिळाच्या टोकाला असेल तर ते आमचं पाप आहे.”

मी निरुत्तर झालो. कारण किती गेले तेवढेच मी मोजले होते, कुठे गेले ते पाहिलेच नव्हते.

घरी येऊन पहिल्यापासून सुरुवात केली. पहिली गोष्ट कळली ती वेगाची. माझी व्हीसीडी पाल पद्धतीची होती. या पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी असतात. चित्रपटाच्या २४ चौकटी त्या वेगाने पळवल्या की एकही दृश्य न कापता दीडशे मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो आणि पात्रांचा आवाज किंचित चढा लागतो. सहा मिनिटांचा हिशेब इथेच लागला. हे ज्ञान तंत्र जाणणाऱ्याला नवे नाही, पण मला ते नव्हते.

उरले दीड मिनिट. त्यासाठी चकती थांबवत थांबवत पाहिली. संवाद कुठे अर्ध्यावर तुटतो, पात्र दारातून एकदम खुर्चीवर कसे येते, याची वेळ वहीत लिहीत गेलो. जवळजवळ सगळे खळगे दहा-अकरा मिनिटांच्या अंतराने निघाले, म्हणजे एका रिळाच्या लांबीइतक्या. त्या जागी ओरखडे दाट होते आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात रीळ बदलण्याची खूणही दिसत होती. रिळाची टोके सर्वांत जास्त हाताळली जातात. फिल्म तिथे तुटते, ऑपरेटर खराब तुकडा कापून उरलेला सोल्युशनने जोडतो. तेरा जोडांवर सरासरी सात सेकंद धरली की दीड मिनिट भरते. कंपनीने टॉकीजमध्ये फिरून झिजलेली प्रिंटच चकतीवर उतरवली होती.

पोथ्यांचा अभ्यास करणारे पाठभेद नोंदवतात, कसरीने खाल्लेले पानही टिपून ठेवतात. चकत्यांनाही हीच शिस्त लावायला हवी, असे मला तेव्हापासून वाटते. मोंडो मकाब्रो या परदेशी कंपनीने रामसेंचे चित्रपट आधी डीव्हीडीवर आणि नंतर ब्लू-रेवर आणले. त्यांचे मोल मोठे आहे, कारण चित्रपट कसा घडवला गेला ते त्यांत नीट दिसते. पण तो आपल्या तालुक्यांत कसा पाहिला गेला, याची साक्ष त्या ओरखडलेल्या व्हीसीडीतच आहे. आणि ती आज रद्दीच्या भावातही कोणी घेत नाही. चकतीतला ॲल्युमिनियमचा थर हवा लागून खराब होतो. माझ्याकडच्या काही चकत्यांवर टाचणीएवढी छिद्रे दिसू लागली आहेत आणि त्या वाचल्या जात नाहीत.

वाचनालयाला मी चुकीची कबुली देणारे पत्र पाठवले. ऑपरेटर काकांना वही दाखवायला गेलो, तेव्हा ती चाळून त्यांनी एवढेच विचारले, “तेरापैकी आमच्या टॉकीजचे किती?” ते सांगण्याची सोय कुठल्याच चकतीवर नाही. म्हणून आता प्रत्येक चकतीची नोंद करताना मी आधी लांबी मोजतो, मग जोड मोजतो आणि जुने ऑपरेटर जिथे भेटतील तिथे त्यांच्याजवळ बसतो.