गाडीला मोठा टर्बो बसवायचाय? पैसे देण्याआधी हे तपासून घ्या

जुनी स्विफ्ट डिझेल, सेकंडहँड ऑक्टाव्हिया, नाहीतर पोलो घ्यायची आणि मग तिची ताकद वाढवायची, हे वेड आता तालुक्याच्या गावातही आलंय. मोबाईलवर व्हिडिओ बघून पोरं गॅरेजात जातात आणि सरळ विचारतात, "मोठा टर्बो टाकला तर किती पॉवर वाढंल?" मेकॅनिकही आकडा सांगून मोकळा होतो. नुसता टर्बो बदलून पॉवर वाढत नाही. टर्बो इंजिनात जास्त हवा भरतो, बाकी काही करत नाही. त्या हवेला पुरेल एवढं इंधन, ते दोन्ही झेलणारं इंजिन आणि ती ताकद चाकापर्यंत नेणारा क्लच-गिअरबॉक्स नसेल, तर घातलेला पैसा धुरात जातो. डिझेल गाडीत तर हा धूर डोळ्यांनी दिसतो.

टर्बो काम कसा करतो

सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक चाक फिरवतो, त्याला टर्बाइन म्हणतात. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं, तो कॉम्प्रेसर. तो बाहेरची हवा ओढून दाबतो आणि इंजिनात ढकलतो. ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशी या इंजिनिअरची, पेटंट १९०५ सालचं. छोट्या गाडीतला टर्बो मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास फिरतो. दांड्याला बॉल बेअरिंग बहुतेक वेळा नसतंच, तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. म्हणून खराब ऑइल आणि धूळ हे टर्बोचे दोन मोठे वैरी. उसाच्या हंगामात शेतरस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर फाटका असेल, तर नवा टर्बोही फार दिवस टिकत नाही. एवढ्या वेगानं फिरणाऱ्या पात्यावर बारीक माती सँडपेपरसारखी घासते.

मोठा आणि छोटा यात फरक काय

छोटं चाक हलकं असतं, लवकर वेग घेतं. गाडी दीड-दोन हजार आरपीएमलाच ओढायला लागते. पण वर गेल्यावर त्याचा श्वास कोंडतो. मोठं चाक वरच्या आरपीएमला भरपूर हवा देतं, खाली मात्र सुस्त. पाय दाबला तरी गाडी क्षणभर विचार करते, मग एकदम झटका देते. याला टर्बो लॅग म्हणतात. आपल्याकडं गाडी चालते कुठं, तर गावातून फाट्यापर्यंत, गतिरोधक, बैलगाडी, परत गतिरोधक. तिथं साडेतीन हजार आरपीएमच्या वर येणारी ताकद काय कामाची? ड्रॅग रेसला उतरणाऱ्याचं गणित वेगळं. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन म्हणून स्पर्धा होते, तिथं सरळ रेषेत पळायचं असतं. तिथं मोठा टर्बो चालतो, कारण इंजिन सतत वरच्या आरपीएमलाच ठेवतात.

कंपनीच्या कागदावर ए बाय आर असा एक आकडा असतो. टर्बाइनच्या घरातून धूर किती अरुंद वाटेनं जातो, त्याचं ते माप. आकडा लहान तर टर्बो लवकर जागा होतो, मोठा तर वरची ताकद जास्त. नावातही माहिती असते. गॅरेटच्या जीटी२८६० मधले २८ म्हणजे टर्बाइनच्या फ्रेमचं माप आणि ६० म्हणजे कॉम्प्रेसर चाकाचा बाहेरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. त्यांच्याच नव्या जी२५-५५० मध्ये ५५० हा आकडा म्हणजे हा टर्बो साधारण किती हॉर्सपॉवरपर्यंत हवा पुरवू शकतो ते. स्विफ्टला ५५० बसवला म्हणून स्विफ्ट ५५० होत नाही. विहिरीला पाणी नसताना दहाची मोटर बसवण्यातला प्रकार तो.

आधी हवेचा हिशोब करा

हा हिशोब बारावी न झालेल्यालाही जमतो. स्विफ्टचं डिझेल इंजिन १२४८ सीसीचं, म्हणजे दोन फेऱ्यांत साधारण सव्वा लिटर हवा ओढणार. ४००० आरपीएमला मिनिटाला २००० वेळा सव्वा लिटर, म्हणजे अडीच हजार लिटर. सिलिंडर पूर्ण भरत नाही, म्हणून दहा टक्के कमी धरा. सव्वादोन हजार लिटर हवेचं वजन साधारण अडीच किलोच्या वर भरतं. आता टर्बोनं एक बार दाब दिला तर हवा दुप्पट व्हायला पाहिजे, पण दाबली की ती तापते आणि पसरते. इंटरकूलरनं थंड केल्यावरही साडेचार-पाच किलोच हाती लागते.

पेट्रोल गाडीत मोटा नियम असा, की मिनिटाला साडेचारशे ग्रॅम हवेमागं साधारण दहा हॉर्सपॉवर. म्हणजे ३०० हॉर्सपॉवर पाहिजे असेल तर मिनिटाला साडेतेरा किलो हवा देणारा टर्बो लागेल. डिझेलला तेवढ्याच ताकदीसाठी जास्त हवा लागते, नाहीतर काळा धूर सुटतो.

हा आकडा घेऊन कॉम्प्रेसर मॅप बघायचा. चांगल्या कंपन्या तो प्रत्येक मॉडेलचा देतात. आडव्या रेषेवर हवेचं प्रमाण, उभ्या रेषेवर दाबाचं गुणोत्तर आणि मध्ये डोंगराच्या नकाशासारखी वर्तुळं. तुमचा आकडा मधल्या वर्तुळात पडला की टर्बो बरोबर. फार डावीकडं पडला तर हवा उलटी फिरते, टर्बो खोकल्यासारखा आवाज करतो, बेअरिंगवर मार बसतो. त्याला सर्ज म्हणतात. फार उजवीकडं पडला तर टर्बो नुसता गरम हवा फुंकतो. ज्या विक्रेत्याला मॅप माहीत नाही आणि "सगळ्या गाडीला बसतो" म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नका.

घाट चढणाऱ्यांनी अजून एक ध्यानात घ्यावं. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे, तिथं हवा विरळ. तेवढाच दाब द्यायचा तर टर्बोला जास्त वेगानं फिरावं लागतं. खाली काठावर चालणारा टर्बो वर गेल्यावर मर्यादेबाहेर फिरतो.

सगळ्यात शहाणा मार्ग: त्याच घरातला मोठा भाऊ

एकाच इंजिनाचे कंपनी दोन-तीन अवतार काढते. स्विफ्टमधलं १.३ डिझेल मूळ फियाटचं, ७५ पीएसचं, त्यात स्थिर टर्बो. तेच इंजिन अर्टिगा आणि सियाझमध्ये ९० पीएस देत होतं, कारण तिथं फिरत्या पात्यांचा टर्बो आहे, ज्याला व्हीजीटी म्हणतात. आरपीएम कमी असताना पाती मिटतात, धुराचा वेग वाढतो. वर गेल्यावर पाती उघडतात. एकाच टर्बोत छोटा-मोठा दोन्ही. फोक्सवॅगनच्या लोकांतही असंच चालतं: गोल्फ जीटीआयला आयएस२० टर्बो येतो, तिच्या वरच्या गोल्फ आरला आयएस३८, आणि जगभरातली पोरं जीटीआयला आयएस३८ बसवतात.

यात फायदा असा, की कंपनीनं त्या इंजिनावर तो टर्बो तपासलेला असतो, बोल्ट जुळण्याची शक्यता जास्त, आणि पुढं पार्ट मिळतो. पण ९०चा टर्बो ७५च्या गाडीत नुसता आवळून भागत नाही. पाती चालवणारं नियंत्रण, ईसीयूमधलं प्रोग्रॅमिंग, पाइप, हे सगळं सोबत आणावं लागतं. आणि एवढं करून फरक १५ पीएसचा. त्या पैशात टायर, ब्रेक आणि क्लच नवे होतात. माझं मत विचाराल तर रोजच्या गाडीला तेच करावं.

गिअरबॉक्स विसरू नका

ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय घेणाऱ्यांनी हे नीट वाचावं. आपल्याकडं ती १८० पीएस आणि २५० न्यूटन मीटरची आली. परदेशात मॅन्युअल गिअरची तीच गाडी ३२० न्यूटन मीटर देत होती. इंजिन तेच, मग आपल्याला कमी का? कारण आपल्या गाडीत सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी आहे, डीक्यू२०० नावाचा, आणि त्याची झेपच २५० न्यूटन मीटर. म्हणजे कंपनीनं गिअरबॉक्स काठोकाठ वापरलाय. मोठा टर्बो टाकला तर इंजिन कदाचित तग धरेल, क्लच आणि गिअरबॉक्सचं सांगता येत नाही, आणि तिथलं बिल टर्बोच्या बिलाला लाजवतं. स्विफ्टसारख्या मॅन्युअल गाडीत पहिली क्लचप्लेट जाते. चौथ्या गिअरला चढावर पाय दाबल्यावर आरपीएम वाढतात पण गाडी वाढत नाही, हे तिचं लक्षण.

त्यामुळं बजेट टर्बोच्या किमतीवर काढू नका. टर्बो, गॅस्केट, ऑइलचा नवा पाइप, इंटरकूलर, डिझेलला नोझल किंवा पेट्रोलला इंजेक्टर-पंप, क्लच, रिमॅप आणि मजुरी असा पूर्ण कागद लिहून घ्या. नुसता टर्बो हा या कागदाचा एक हिस्सा आहे.

नवा, रिपेअर की डुप्लिकेट

गॅरेट, बोर्गवॉर्नर, आयएचआय, मित्सुबिशी, होलसेट ही जगातली मोठी नावं. बाजारात यांच्याच डब्यात नक्कल मिळते. टर्बोवर धातूची पट्टी असते, तिच्यावर पार्ट नंबर आणि सिरियल नंबर कोरलेला असतो. डब्यावरचा आणि पट्टीवरचा नंबर एक आहे का बघा, कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडं तो विचारून घ्या आणि जीएसटीचं पक्कं बिल मागा. बिल नाही म्हणाला तर तिथंच थांबा.

रिपेअर केलेला टर्बो वाईटच असतो असं नाही. मधला भाग, ज्याला कोअर किंवा कार्ट्रिज म्हणतात, तो नवा टाकून मशीनवर बॅलन्स केला असेल तर चालतो. बॅलन्सचा छापील रिपोर्ट मागा. नुसतं किट टाकून हातानं फिरवून "बघा कसा हलका फिरतो" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. लाख-दीड लाख आरपीएमचं बॅलन्स हाताला कळत नाही.

भंगारातला घ्यायचा असेल तर दांडा हलवून बघा. आडवा किंचित हलला तर चालतो, तेवढी जागा ऑइलसाठीच असते. पुढं-मागं जाणवण्याइतका हलला, किंवा पात्याची धार तुटकी दिसली, घरावर घासल्याची खूण दिसली, की ठेवून द्या.

आणि आधी जुना टर्बो का गेला ते शोधा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, ते टर्बोतूनच येतंय असं नाही, रिंगही गेलेल्या असू शकतात. ऑइलचा पाइप आतून कोळशानं बंद झाला असेल तर नवा टर्बोही पहिल्या आठवड्यात जाईल. टर्बोचं सील फुटून ऑइल इंजिनात जायला लागलं तर डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. अशा वेळी ब्रेक दाबून वरच्या गिअरला क्लच सोडायचा आणि गाडी दाबून बंद करायची. ऑटोमॅटिक असेल तर खाली उतरून लांब व्हायचं. हवेच्या पाइपला हात लावायचा नाही.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या मूळ मापापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२ए आलं, त्यात मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याच नंबरचा, त्याच मापाचा टर्बो बदलणं ही दुरुस्ती झाली, त्याला अडचण नाही. मोठा टर्बो आणि रिमॅप ही वेगळी गोष्ट. इन्शुरन्सवाला अपघातानंतर सर्व्हेअर पाठवतो, तो बॉनेट उघडतोच. न सांगितलेला बदल सापडला तर क्लेम अडकतो. म्हणून ज्यांना खरंच हौस आहे, त्यांनी वेगळी गाडी करावी आणि ती ट्रेलरवर घालून स्पर्धेला न्यावी. कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळचा ट्रॅक त्यासाठीच आहेत.

बसवल्यावर

चालू करण्याआधी टर्बोच्या ऑइलच्या भोकात स्वच्छ ऑइल ओता आणि चाक हातानं फिरवा. मग इंजिन पेटू न देता काही सेकंद स्टार्टर मारा, म्हणजे ऑइल वर पोचतं. पहिली काही मिनिटं रेस करू नका. ऑइल आणि दोन्ही फिल्टर त्याच दिवशी नवे. घाट चढून किंवा हायवेवर जोरात येऊन गाडी लगेच बंद करायची नाही, अर्धा-एक मिनिट आयडलवर ठेवायची, नाहीतर तापलेल्या बेअरिंगमधलं ऑइल तिथंच जळून कोळसा होतं. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प आणि बोल्ट परत आवळून घ्या, आणि गॅरेजवाल्याशी हे आधीच बिलावर लिहून ठरवा.